पट्ट्यातली कौसाबाई

आईची तब्येत आईला विचारायची असते, एवढी साधी रीत नागनाथ विसरला होता. सकाळी कामावर समोरासमोर आले की पोरगं आधी हातातल्या टॅबकडे बघायचं आणि मग आईलाच सांगायचं, काल दुपारी तू फार दमलीस. तुझा श्वास चढतोय. पाणी कमी पडतंय तुला. आणि आई आदला अख्खा दिवस पाण्याच्या टाकीच्या सावलीला बूड टेकून बसलेली असायची. तिला श्वास चढलाच असेल तर तो बायकांवर ओरडून.

बायकांच्या टोळीची मुकादमीण कौसाबाई धोत्रे हिला हे खपत नव्हतं. बापजादे दगड फोडत आले, ती स्वतः पाटी उचलत आली, आणि पोरगं शिकून त्याच बांधकामाच्या कचेरीत खुर्चीवर बसलं, याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे. पण खुर्ची मिळाली म्हणून जन्मदात्रीकडे मान वर करून बघू नये, हे कुठल्या शाळेत शिकवतात, असं ती धाकट्या जावेला, शेवंताला, रोज एकदा तरी विचारी. मग कौसाबाईच ठरवून टाकी, की नागूला आता आई दिसत नाही, आईचा आकडा दिसतो. आणि तो आकडाही खोटा. दमले नाही तिथं दमले म्हणतो, हे कसलं यंत्र?

यंत्र काय होतं ते तिला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे ती कबूल करणारी नव्हती.

सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याला, राहत्या घरांचा एक उंच मनोरा उठत होता. खरं तर तिथे दोन मनोरे होते. एक सगळ्यांना दिसणारा, लोखंडाचा आणि काँक्रीटचा. दुसरा कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर. त्याला सगळे जुळा म्हणत. बाहेरच्या मनोऱ्यात जे घडे ते आतल्या जुळ्यात त्याच क्षणी उमटे. स्लॅबच्या लोखंडात बोटाएवढ्या कळ्या बांधून टाकलेल्या असत. काँक्रीट आतून किती तापलं, किती घट्ट झालं ते त्या कळवत, त्यामुळे खालचे टेकू कधी काढायचे हे कुणाच्या अंदाजावर राहिलं नव्हतं. मचाणाच्या सांध्यांवर, क्रेनच्या दोरीवर तशाच कळ्या. जिन्याच्या प्रत्येक तोंडाशी छताला कॅमेऱ्याची भिंगं. आणि प्रत्येक मजुराच्या मनगटावर पट्टा.

हा पट्टा कातडीतून हिरवा उजेड आत सोडी. रक्ताची लाट आली की उजेड कमी परते, लाट ओसरली की जास्त. त्या कमीजास्तीवरून हृदयाचा ठोका न ठोका मोजला जाई. माणूस कुठे आहे, चढतोय की थांबलाय, हेही पट्टा सांगे. मात्र मजुराचा चेहरा साठवायला आणि त्याचं बोलणं ऐकायला कायद्याने बंदी होती. म्हणून जुळ्या मनोऱ्यात माणसं नव्हती, राखाडी बाहुल्या होत्या. सगळ्या एकाच उंचीच्या, एकाच अंगाच्या. डोक्यावर पट्ट्याच्या मालकाचं नाव. चाल तेवढी ज्याची त्याची, भिंगांनी टिपलेली.

याचा फायदा होता, हे कौसाबाईही मानायची. एकदा मचाणाची पूर्व बाजू अचानक रिकामी करायला लावली. बायका कुरकुरत उतरल्या आणि त्या उतरल्यावर मचाण धरणारी तिथली लोखंडी कैची निसटून खाली आली. टोळीतली मालन एरवी त्याच फळीवर असती. त्या दिवशी कौसाबाईने यंत्राच्या नावाने नारळ फोडला होता. नारळ फोडावा असं यंत्र, आणि तरी त्याला एवढं कळू नये, की मुकादमिणीचं काम पायाने होत नाही?

कारण भांडण सुरू झालं ते तिथून. काँक्रीट पंपाने वर जाई, पण जिन्याच्या कोनात, खांबाच्या कडेला पंपाची नळी पोचत नसे. तिथे बायकांची साखळी लागे आणि पाटी हातोहात जाई. ही साखळी कुठे लोंबली, कुणाचा हात जड झाला, कुणाला आता पुढून मागे घ्यायचं, हे कौसाबाई एका जागी उभी राहून बघे आणि नुसत्या आवाजाने सगळं ओढून धरी. गुडघे गेल्यापासून तर ती उभीही राहत नसे, टाकीपाशी बसून वर बघत ओरडे. काम तेवढंच होई. पण यंत्राला आवाज ऐकायची बंदी. त्याच्या लेखी जी हलत नाही ती काम करत नाही. कमी हालचाल करणाऱ्यांत तिचं नाव पहिलं आलं, आणि पुढच्या महिन्यात त्या नावांना गेट बंद होणार असं कचेरीने कळवलं.

बायकांनी त्यावर बैठक वगैरे काही घेतली नाही. गावाकडे सावड असते. आज तुझ्या रानात माझे हात, उद्या माझ्या रानात तुझे. इथे रान नव्हतं, पण हातपाय होते. शेवंताने एका मनगटावर आपला पट्टा चढवला, दुसऱ्यावर आक्काचा, म्हणजे कौसाबाईचा, आणि पाटी घेऊन वर गेली. दुसऱ्या दिवशी मालन, आणि पुढे पाळीपाळीने त्या दोघीच. मुकादमीण आपल्यासाठी ओरडते, आपण तिच्यासाठी चालायचं, इतकं ते सरळ होतं. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत पट्टा टाकीच्या खिळ्याला अडकवलेला असे. सुट्टीत जरा डुलकी काढून कौसाबाई उठली की कधी कधी तो घामाने ओला सापडे. सुट्टीतही कुणीतरी फिरवून आणतंय, मालन असेल, असं तिने धरलं आणि मनातल्या मनात मालनला गुण दिले.

पुढच्याच महिन्यात कौसाबाई धोत्रे ही कामावरची सगळ्यात दणकट बाई ठरली. गेटवर तिचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं की त्या कायम सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. शेवंता ते वाचून पोट धरून हसली. कौसाबाई मात्र फोटोकडे बघत म्हणाली, की यंत्राला उशिरा का होईना, माणसाची पारख झाली.

आणि मग स्लॅबच्या दिवशी, सकाळी सकाळी, नागू आला आणि टॅबमध्ये बघत बोलला, "आई, आजपासून तू वर जायचं न्हाई."

ती टाकीपाशी बसली होती. वर जायचा तिचा विचारही नव्हता. पण जायचं नाही म्हटल्यावर तिला राग आला.

"का? कुणी सांगितलं?"

"तुझ्या छातीनं सांगितलं." त्याने टॅब तिच्यासमोर धरला. त्यावर एक हिरवी रेघ डोंगरासारखी वरखाली जात होती, मधेच घाईघाईने दातेरी होत होती आणि पुन्हा सरळ. "हे बघ. जिना चढताना ठोके एकदम पळतात आणि मग अडखळतात. एकदा न्हाई, पुन्हा पुन्हा. एरवी सगळं ठीक. चढताना आणि भार घेतल्यावरच हे होतं. यंत्रानं लाल खूण केली हाय. इनामदार मॅडमनी डॉक्टरला दाखवलं, ते म्हणले असं माणूस चालता चालता जातं."

"हे माझं हाय?"

"मग कुणाचं? पट्टा कुणाचा हाय?"

सावड सुरू झाल्यापासून तो पट्टा तिने एकदाही घातला नव्हता, हे पोराला सांगावं तर तो कचेरीचा माणूस. सेंटरिंगच्या एका टोळीतल्या दोघांनी पट्टे बदलले होते तर अख्ख्या टोळीला त्याच संध्याकाळी गेटबाहेर काढलं होतं. एक पट्टा, एक माणूस. नियम मोडला की सगळ्यांचे पट्टे बंद. तिच्यामागे अकलूजपासून अफझलपूरपर्यंतच्या बायका होत्या, ज्यांना या कामाशिवाय दुसरं दार नव्हतं.

नागूने पहिल्यांदाच टॅब खाली घेतला. म्हणाला, तुझं काम आज मी बघतो वर, साखळी मी धरतो, तू इथंच बस, संध्याकाळी आपण डॉक्टरकडं जाऊ. आणि ती काही बोलायच्या आत तो जिन्याकडे गेला. स्लॅबच्या दिवशी माल चढवायची लिफ्ट फक्त मालाला असते, माणसं जिन्याने जातात.

कौसाबाई बसली. पंप घरघरायला लागला. तिने हळूच छातीवर हात ठेवला. आत काहीतरी चाललं होतं. रोजच चालत असणार, पण आज ते तिला ऐकू आलं, आणि ऐकू आल्यावर ते काही सरळ वाटेना. एक ठोका मोठा, एक लहान, आणि मधे कुणीतरी दार लोटल्यासारखं. पट्टा मी घातलाच नाही, मग माझं त्याला कसं कळेल? का लांबूनही कळतं? खिळ्याला अडकवलेला पट्टा तिथूनच ऐकत असेल का? काँक्रीटच्या पोटातलं कळतं तर हातभर अंतरावरच्या बाईचं का कळू नये? ती उठून टाकीपासून दूर जाऊन बसली. तिथेही ठोके तसेच. मग तिला स्वतःचीच शरम वाटली आणि ती परत सावलीला आली.

नाही, माझं नाही. मग ज्यांनी घातला त्यांच्यातल्या एकीचं.

शेवंता किंवा मालन. आणि दोघी आत्ता वर होत्या, पाट्या उचलत होत्या.

तिने दोघींना निरोप धाडून खाली बोलावलं. त्या घामाघूम होऊन, वैतागून आल्या. स्लॅब अर्ध्यात असताना बोलावणं म्हणजे काय, असं शेवंताने विचारलंच. कौसाबाईने दोघींना न्याहाळलं. मालन काटकुळी, अधूनमधून खोकणारी. हीच असणार. तिने मालनला सांगितलं, की तू आज बसून राहा, तुझं हृदय खराब आहे. मालनचा चेहरा असा उतरला की कौसाबाईला आपलं बोलणं परत गिळावंसं वाटलं. मालन म्हणाली, माझ्या लेकरांना कोण बघंल, आणि मटकन खाली बसली. मग कौसाबाईने शेवंताकडे पाहिलं. ती जाडजूड, चार पायऱ्यांत धापा टाकणारी. म्हणजे हीच असेल. तिने शेवंतालाही बसायला सांगितलं. शेवंता चिडली. म्हणाली, आक्का, तुमचं डोकं तरी ठिकाणावर आहे का, दोघींचं एकच हृदय आहे का काय आमचं?

माणसाच्या तोंडाकडे बघून आत काय चाललंय ते ओळखायची कौसाबाईला सवय होती, निदान तसा तिचा दावा होता. आज दोन तोंडं समोर होती, दोन्ही ओळखीची, आणि तिला काही म्हणता काही दिसत नव्हतं. खोटं बोलून गप्प बसावं, तर यातली एक जाणार. खरं बोलावं, तर अख्खी टोळी जाणार.

ती गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि कचेरीकडे चालू लागली.

मृण्मयी इनामदार ही जुळा सांभाळणारी इंजिनियर. वयाने नागूएवढी, बोलायला मऊ, आणि कौसाबाईच्या मते जेवण कमी पडलेली. कौसाबाई आत शिरली आणि बसायला सांगायच्या आधीच बसली. मग तिने सगळं सांगितलं. सावड म्हणजे काय, दोन मनगटांवर दोन पट्टे कसे, गेटवरचा फोटो कसा फुकटचा. सांगताना तिने मान खाली घातली नाही. शेवटी म्हणाली, "गुन्हा माझ्या नावावर लिवा. पण आधी सांगा, दोघींतली कोण."

मॅडमला आधी हे गमतीचं वाटलं असावं, कारण ओठ हलले. मग तिने कपाळाला हात लावला.

"मावशी, या जुळ्याला मी एकच गोष्ट गृहीत धरायला शिकवलं होतं. एक पट्टा म्हणजे एक माणूस. बाकी सगळं तो त्याच्यावर रचतो. आम्हाला पडद्यावर तुमची बाहुली बहुतेक वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी बाहुलीत अर्धी घुसलेली दिसायची. आम्ही म्हटलं, भिंगाची चूक असेल."

"ते ऱ्हाऊ द्या. कोण?"

मॅडमने बोटं चालवली. जुन्या दिवसांच्या रेघा एकाखाली एक आल्या. तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. शेवंता वर गेली तेव्हा तिच्या एका मनगटावर तिचा पट्टा होता, दुसऱ्यावर तुमचा. हृदय एकच. म्हणजे दोन्ही पट्ट्यांनी तेच ठोके मोजले असणार. बघा, रेघेवर रेघ बसते. आता ठोका चुकला असता तर दोन्हीकडे चुकला असता. शेवंताच्या पट्ट्यावर तशी एकही खूण नाही. मालनच्याही नाही.

कौसाबाईला यातलं निम्मं कळलं. तिने खात्री करून घेतली, "म्हंजे दोघी बऱ्या हायत?"

"दोघी ठणठणीत आहेत."

"मग राहिलं कोण? मी तर घातलाच न्हाई." तिचा हात पुन्हा छातीवर गेला. "का माझंच हाय ते? लांबून घेतो का तो?"

मॅडमने नाही म्हणून मान हलवली. पण तिच्याही कपाळावर आठी होती. लाल खुणा होत्या त्या वेळा तिने वेगळ्या काढल्या. सगळ्या जेवणाच्या सुट्टीतल्या. आणि त्या सगळ्या वेळी कौसाबाईची बाहुली एकटी होती. तिच्यात दुसरी कुणी घुसलेली नव्हती. म्हणजे ज्याने पट्टा घातला त्याला स्वतःचा पट्टाच नव्हता.

"पट्टा नसलेलं इथं कोण आहे?" मॅडम स्वतःशीच पुटपुटली आणि तिने ती बाहुली चालवून दाखवली.

पडद्यावरचा जिना रिकामा होता. खालून एक राखाडी आकृती आली. डोक्यावर अक्षरं तरंगत होती, कौसाबाई धोत्रे. ती आकृती झपझप चढत होती. डावा खांदा किंचित पुढे, आणि वळणावर कठड्याला हात न लावता अंग सबंध वळवायची तऱ्हा. दोन मजले चढली आणि थांबली. भिंतीला टेकली. मान खाली घातली. मग पुन्हा चढू लागली.

कौसाबाई खुर्चीवरून उठली. तिच्या तोंडून आवाज निघाला तो तिला स्वतःचाच वाटला नाही.

"हे आमचे मालक हायत."

मॅडमने वळून पाहिलं. कौसाबाईचे मालक, तिम्मण्णा धोत्रे, नागू शाळेत जायच्या आधीच गेले होते. अशाच एका कामावर, पाठीवर सिमेंटचं पोतं घेऊन जिना चढताना. दणकट गडी, कधी एक दिवस आजारी पडला नव्हता. लोक म्हणाले ऊन लागलं. कौसाबाईनेही तेच धरलं आणि इतकी वर्षं उन्हाला शिव्या घालत आली. आणि आता तोच माणूस तिच्या नावाखाली, चेहऱ्याशिवाय, जिना चढत होता. हे यंत्र मेलेल्यांचंही मोजतं का? तिने मॅडमला तसं विचारलंही, अगदी गंभीरपणे.

मॅडमने फक्त विचारलं की नवरा कसा गेला. कौसाबाईने सांगितलं. मॅडमचा चेहरा बदलला. हळू आवाजात ती म्हणाली, की हृदयाच्या ठोक्यांना आतून वीज चालवते, आणि त्या विजेतला असला बिघाड रक्तातून येतो. बापाकडून मुलाकडे. चढताना, पळतानाच वर येतो. एरवी तपासून कळत नाही.

मग कौसाबाईला कचेरीतली माणसं आठवली. साहेब, मॅडम, टॅबवाले. त्यांच्यातल्या एकाच्याही मनगटावर पट्टा नव्हता. मोजायचं ते मजुरांना, मोजणाऱ्यांना कोण मोजतो.

"नागू," ती म्हणाली.

मॅडमने तोपर्यंत वॉकीटॉकी तोंडाशी नेला होता. नागनाथला आहे तिथे बसवा, हलू देऊ नका, असं तिने वर सांगितलं. वरून सुपरवायझरचा आवाज आला, पाठीमागे व्हायब्रेटरची घरघर. नागनाथ आत्ताच खाली निघाला. आईला एकदा बघून येतो म्हणाला. पळतच गेला.

मॅडमने पडदा आत्ताच्या वेळेवर आणला. जिन्यात वरून खाली एक बाहुली येत होती. तिच्या डोक्यावर नाव नव्हतं. डावा खांदा पुढे, वळणावर सबंध वळण. चौथ्या मजल्यावर जिन्याच्या टप्प्यावर ती थांबली, भिंतीला टेकली, आणि खाली बसली.

मॅडम पळाली. जाताना तिने भिंतीवरची, छातीला झटका द्यायची लाल पेटी ओढून काढली आणि कुणाला तरी ओरडून रुग्णवाहिका बोलवायला सांगितली. कौसाबाई तिच्या मागे निघाली. जिन्याशी आल्यावर तिने वर पाहिलं नाही. कठडा धरला आणि चढायला लागली. गुडघे तिच्याशी भांडत होते, ती त्यांच्याशी. छातीत धडधड होत होती आणि आता ती कुणाची, याचा तिला विचार नव्हता.

चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा नागू भिंतीला पाठ लावून बसलेला होता. डोळे उघडे. ओठ पांढरे. मॅडमने त्याच्या मनगटावर एक कोरा पट्टा बांधला होता आणि ती टॅबवर रेघ बघत होती. दातेरी भाग मागे पडत होता, रेघ हळूहळू सरळ होत होती. लाल पेटी उघडून शेजारी ठेवली होती, पण अजून तिला हात लागला नव्हता. मॅडमने मान हलवली. म्हणाली, वेळेवर बसला. आणखी एक मजला पळाला असता तर सांगता येत नाही.

शेवंता आणि मालन खालून आल्या होत्या आणि पायरीवर उभ्या होत्या. मॅडम उठून कौसाबाईजवळ आली आणि आवाज खाली घेत म्हणाली, की सावडीचं मला लिहावंच लागेल. पण जुळ्याचं गृहीतक चुकलं हेही लिहीन, आणि आवाजाने काम करणाऱ्याला मोजायचं त्याला येत नाही हेही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. कौसाबाई म्हणाली, लिवा. तिचं लक्ष पोराकडे होतं.

नागू तिला बघून हसायचा प्रयत्न करत होता. त्याने सगळं भराभरा सांगून टाकलं. तुझं नाव कमी हालचालीत आलं तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तुझा पट्टा मीच फिरवायचो. बाकीचा दिवस तूच घालतेस असं मला वाटलं. म्हणून खूण तुझीच धरली, तिची वेळ बघितलीच न्हाई. तुला काही होईल म्हणून मला झोप लागली न्हाई, आई.

कौसाबाई त्याच्यासमोर, टप्प्यावरच्या धुळीत, बसली.

"चढताना छातीत कसं व्हायचं तुला?"

तो खाली बघू लागला. मग म्हणाला, पाखरू फडफडल्यासारखं. दोनतीनदा डोळ्यापुढं अंधारी आली. ऊन असंल म्हणलं.

"ऊन," कौसाबाई म्हणाली.

"आता मला बरं वाटायलंय. वर साखळी उघडी पडली असंल. अर्ध्यात स्लॅब सोडला तर सांधा पडंल, तिथंच तडा जाईल. मी जरा..." तो उठायला लागला.

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. मॅडमसमोर, जावेसमोर, जिन्यात जमलेल्या माणसांसमोर ती बोलली, आणि या वेळी तिने आवाज चढवला नाही.

"ऐक. माझा पट्टा फिरवलास, त्याचा मला राग न्हाई. बायकांनी बी फिरवला. पण तुझ्या छातीत पाखरू फडफडलं ते तुला ठावं होतं. तू ते उन्हावर घातलंस, आणि रेघ दिसली तवा माझ्यावर घातलंस. आपल्यावर काय आलं की दुसऱ्याच्या नावावर लोटून मोकळं व्हायचं. वाईट न्हाईस तू, नागू, भित्रा हायस. तुझा बाप बी भित्राच व्हता, मला कधी बोलला न्हाई, आणि मी त्याला इतकी वर्षं शूर समजत आले. स्लॅबचं मी बगते. शेवंता, मालन, वर चला, मी आले. आणि तू, आता ती माणसं येतील, तुला झोळीत घालून खाली नेतील. सगळी दुनिया बघंल. तू एका शब्दानं न्हाई म्हणायचं न्हाईस."